समुद्र नसलेला किनारा

घाई नसलेला एक दिवस बाजूला काढा. अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेली आगगाडी तासाभराने एन्कहाउझन गावी पोचते आणि तिथेच तिचे रूळ संपतात, कारण पुढे पाणी आहे. स्टेशनाजवळच्या धक्क्यावरून झाउडरझे संग्रहालयाकडे बोट जाते. संग्रहालयाचा उघड्यावरचा भाग एप्रिल ते ऑक्टोबर खुला असतो. बोटीत कडेची जागा धरा. वारा आहे, लाटा आहेत, डोक्यावर कुरव ओरडताहेत, पूर्वेला पाणी थेट आभाळाला टेकलेलं आहे. डोळे म्हणतात, समुद्र. आता ओठांवरून जीभ फिरवा. मालवणच्या नाहीतर मुरुडच्या बंदरावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी ओठांवर जी चव येते, ती इथे येत नाही.

१९३२ सालापर्यंत ती येत होती. उत्तर समुद्राचा एक उथळ फाटा इथे देशाच्या पोटात शिरला होता. मध्ययुगातल्या पुरांनी जमीन खात खात तो घडवला होता. त्याचं नाव झाउडरझे. २८ मे १९३२ या दिवशी ३२ किलोमीटर लांबीच्या बांधातली शेवटची फट बुजवली गेली. अफ्स्लाउटडाइक हा तो बांध. समुद्र बाहेर राहिला, आतल्या पाण्यात नद्या येत राहिल्या आणि काही वर्षांत सगळं मीठ धुऊन निघालं. आज तुमच्या बोटीखाली आहे ते आयसेलमेर, एक गोड्या पाण्याचं तळं. इथून थोड्या अंतरावरच्या आंडाइकला त्याचं पाणी शुद्ध करून नळांतून घरोघरी पोचवलं जातं.

समुद्र गेला तसं त्याच्या काठावरचं जगणंही जाणार, हे लोकांना दिसत होतं. म्हणून १९४८ साली हे संग्रहालय स्थापन झालं, आणि १९८३ मध्ये त्याचा उघड्यावरचा भाग सुरू झाला. जुन्या झाउडरझेच्या काठच्या गावांतून घरं, दुकानं, कारखाने, एक चर्चसुद्धा, मिळून सुमारे १४० वास्तू इथे आणून किंवा पुन्हा बांधून एक गाव उभं केलं आहे. चुली पेटतात, दोर वळले जातात, मासे धुरावर टांगले जातात.

आत शिरताना एवढंच ठरवा, की जी वस्तू समोर येईल तिच्यात गेलेला समुद्र कुठे आहे ते शोधायचं. यादी करू नका, सगळं बघून झालंच पाहिजे असंही नाही. मी तर म्हणेन, पाच-सहा ठिकाणी थांबलात तरी दिवस भरून येतो.

पहिल्यांदा आकर्सलोटहून आणलेल्या चुन्याच्या भट्ट्यांपाशी थांबा. खाली रुंद, वर निमुळत्या होत गेलेल्या विटांच्या या भट्ट्यांत समुद्राचे शिंपले भाजून चुना काढत. कोकणातल्या, गोव्यातल्या जुन्या भिंतीतही शिंपल्यांचाच चुना सापडतो, त्यामुळे आपल्याला ही भट्टी समजावून सांगावी लागत नाही. हात विटांवर ठेवा. कधीतरी एका लहानशा जिवाने पाण्यातला चुना अंगावर चढवून कवच केलं. ते कवच इथे भाजलं गेलं आणि कुणाच्या तरी घराच्या दोन विटांमध्ये जाऊन बसलं. समुद्रापासून आडोसा म्हणून माणसाने जे घर बांधलं, त्याच्या सांध्यांत समुद्रच भरला होता. या विचारापाशी दोन-चार श्वास रेंगाळा.

मग उर्कच्या घरांकडे वळा. उर्क हे त्या काळी बेट होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा तिथला एक मोहल्ला इथे मांडला आहे. एखाद्या घरात जुन्या वेशातली बाई बटाटे सोलताना किंवा विणताना भेटेल. ती तुमच्याशी बोलते, आणि त्या काळातली असल्यासारखी बोलते. फोटो लगेच काढू नका. वेश पाहून मन पटकन भरतं, पण तिचे हात अधिक बघण्यासारखे आहेत. सुरी कशी धरली आहे, साल किती पातळ निघते आहे, सोललेला बटाटा न बघता भांड्यात कसा पडतो आहे. हातांची ही चाल पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताला दाखवली तरच ती टिकते.

त्याच खोलीत भिंतीला कपाटासारखी दोन दारं असतील. आत डोकावा. तो बिछाना आहे. भिंतीतल्या या फळ्यांच्या पेटीत नवरा-बायको झोपत आणि रात्री दारं ओढून घेत, म्हणजे ऊब बाहेर जायची नाही. लांबी इतकी कमी, की आजच्या उंच माणसाला पाय दुमडावे लागतील. वरून एक दोर लोंबतो, तो धरून उठून बसायचं. पायथ्याशी, अंगापेक्षा थोडी वर, एक अरुंद फळी आहे. ती तान्ह्या मुलाची जागा. या फळीसमोर जरा जास्त वेळ थांबा. बाहेर जानेवारीचा वारा, नवरा बोटीवर, अंधारात ती बाई पाय जरा हलवते, फळीला धक्का लागतो, मूल कुरकुरतं, म्हणजे ठीक आहे. वाऱ्याची दिशा तिला आवाजावरून कळत असणार. ही पेटी समुद्राकडे पाठ करून झोपण्यासाठी केली आहे आणि तरी रात्रभर कान समुद्राकडेच लागलेले.

मात्र ही खोली आज स्वच्छ आहे, हे विसरू नका. खऱ्या खोलीत ओल होती, धूर होता, माशांचा वास कपड्यांतून जात नव्हता, आणि त्या फळीवरची सगळीच मुलं मोठी होत नव्हती. संग्रहालयाला हे दाखवणं अवघड जातं. ते आपण आपल्या मनाने भरायचं असतं.

बाहेर या. धक्क्यावर जुन्या बांधणीच्या बोटी दिसतील. तळ सपाट, कारण झाउडरझे उथळ होता. दोन्ही अंगांना मोठ्या लाकडी फळ्या, वाऱ्याने बोट आडवी वाहू नये म्हणून पाण्यात सोडायच्या. आणि शिडं पाहा, तपकिरी-तांबडी. सुती शिडं आणि जाळी ओलीने कुजू नयेत म्हणून इथले कोळी ती कढयांत घालून रंगवत. आधी ओकच्या सालीच्या काढ्यात, पुढे एकोणिसाव्या शतकात जहाजांनी पूर्वेकडून आलेल्या कातात. हो, कातातच. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून जो निघतो, आपल्या पानात जो रंगतो, तोच. चिपळूणकडच्या कातभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा रंग परका वाटणार नाही. या तांबूस शिडांमागे कुठल्या तरी उष्ण रानात कुऱ्हाड चालवणारा, भट्टीसमोर घाम गाळणारा माणूस उभा आहे. संग्रहालयात त्याचं घर नाही. त्याची आठवण इथे, या शिडासमोर, आपण काढू या.

पूर्वेचा हा धागा हातात आलाच आहे, तर औषधाच्या जुन्या दुकानाकडे चला. तिथे लाकडी मुंडकी मांडलेली आहेत: तोंड वासलेलं, जीभ बाहेर. ही मुंडकी पूर्वी औषधवाल्यांच्या दारावर पाटीसारखी असत. पुष्कळांच्या डोक्याला मुंडासं आहे, चेहरे सावळे आहेत. औषधं दूरदेशाहून येत, म्हणून दूरदेशाचा माणूस दारावर. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहा. करणाऱ्या सुताराने असा माणूस कदाचित आयुष्यात पाहिला नसेल.

या गावातल्या एकाने मात्र पाहिला होता. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा एन्कहाउझनला वाढलेला मुलगा १५८३ साली, ऐन विशीत, गोव्यात उतरला. आर्चबिशपचा चिटणीस म्हणून तो तिथे पाच वर्षं राहिला. डोळे उघडे ठेवून आणि लेखणी हातात धरून राहिला. बाजार, पालख्या, देवळं, आंबा, फणस, आणि माडाबद्दल तर किती तरी. माडाचा एकही भाग वाया जात नाही हे पाहून तो चकित झाला होता, यात मला नवल वाटत नाही. १५९२ मध्ये तो या गावी परतला. १५९६ मध्ये त्याचं ‘इतिनेरारिओ’ छापून आलं. गावचाच डॉक्टर बर्नार्डस पालुडानस याने त्यात आपली टिपणं घातली. गोव्याच्या भर बाजाराचं चित्र त्या पुस्तकात आहे. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली सागरी वाटांची माहितीही त्याच्या लिखाणातून डचांच्या हाती आली.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिच्या सहा शाखांपैकी एक या लहानशा गावात होती. संग्रहालयाच्या बंदिस्त भागातलं पेपरहाउस हे तिचंच एक जुनं कोठार. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही तिथे उभ्या आहेत. आणि शेजारच्या होर्न गावच्या यान पीटर्सझोन कूनने १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवर जी कत्तल केली, तीही याच कंपनीच्या नावावर आहे. पेपरहाउसच्या जाड तुळया बघताना हे सगळं एकदम मनात येऊ द्या. कौतुक आधी आणि खेद नंतर, अशी रांग लावू नका.

आता मार्केनच्या लहानशा बंदराची प्रतिकृती आहे तिथे बसा. जेवणाची वेळ झाली असेल, पण जरा थांबा. इथवर गेलेल्या समुद्रासाठी मन हळवं झालं असेल, तर आता त्याची दुसरी बाजू ऐकायची आहे. १३-१४ जानेवारी १९१६ च्या रात्री वादळाने झाउडरझेचं पाणी चढलं, बांध फुटले. मार्केन बेटावर सोळा माणसं गेली. गाव एवढंसं, म्हणजे प्रत्येक घराला त्यातलं कुणी ना कुणी नावाने ठाऊक होतं. समुद्र बांधून टाकायची योजना कॉर्नेलिस लेली या इंजिनिअरने १८९१ मध्येच मांडली होती. त्या पुरानंतर, युद्धकाळातल्या अन्नटंचाईनंतर, लेली मंत्री असताना १९१८ मध्ये कायदा झाला. कोळ्यांना आधार म्हणून १९२५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, कारण त्यांची उपजीविका सरकारी निर्णयाने बुडणार होती. लेली १९२९ मध्ये वारला, बांध पुरा झालेला त्याने पाहिला नाही. १९५३ च्या महापुरात, मुख्यतः देशाच्या नैऋत्येला, १,८३६ माणसं बुडाली. त्या रात्री अफ्स्लाउटडाइक टिकला.

आता एका बाजूला मार्केनची सोळा माणसं धरा. दुसऱ्या बाजूला तो कोळी धरा, ज्याच्या बापाने आणि आजाने हेरिंग धरली. ही हेरिंग आपल्या तारलीच्या गोत्रातली. वसंतात अंडी घालायला ती याच उथळ पाण्यात यायची. आपल्या मांदेलीच्या कुळातला अँकोव्हीही यायचा. बांधानंतर दोन्ही गेले, वामसारखा लांबट ईल मात्र राहिला. कोळ्याला कुणी विचारलं असतं, की तुझा धंदा की मार्केनची माणसं, तर त्यानेही माणसंच म्हटलं असतं, असं मला मनापासून वाटतं. त्याची मुलंही त्याच पाण्याच्या काठी झोपत होती. तरी धंदा त्याचाच गेला. सगळ्यांच्या भल्याची किंमत काहींनी भरली, हे वाक्य आपण किती सहज बोलतो. इथे बंदरावर बसून ते सावकाश, एकेका माणसाचा चेहरा समोर आणून बोलून पाहा. कुणाला दोषी ठरवायची निकड वाटली तर ती येऊ द्या आणि जाऊ द्या.

आता धुरीघराकडे चला. भूक लागली असेल. लाकडाच्या भुशाचा धूर दुरूनच येईल. सळयांवर ओवलेले मासे सोनेरी-तपकिरी होऊन लोंबत असतात. एक हेरिंग मागा, कागदात मिळते. उभ्यानेच, हाताने खा. कातडी बोटाने सोलून निघते, काटा शेपटीकडून धरून अलगद उचलता येतो, मांस अजून कोमट असतं. आणि हो, जिभेवर मीठ आलं! दिवसभर शोधलं ते इथे सापडलं, पण ही हेरिंग समोरच्या पाण्यातली नाही, बाहेरच्या समुद्रातली आहे. माशांना धुरी देणाऱ्याला विचारा, तो सांगेल.

आणि उर्कबद्दलही विचारा. १९३९ मध्ये बांधाने उर्क मुख्य भूमीला जोडलं गेलं. १९४२ मध्ये पूर्वेकडचं पाणी उपसून जमीन कोरडी झाली, पुढे तिची शेतजमीन झाली. आता हे लोक नांगर धरतील, कारखान्यात जातील, असा पुष्कळांचा होरा होता. उर्कच्या कोळ्यांनी मोठ्या बोटी घेतल्या आणि ते उत्तर समुद्रावर गेले. आजही देशातला मोठा मासळी लिलाव उर्कला होतो. बोटी उत्तर समुद्राकाठच्या बंदरांत लागतात, आणि मासळी ट्रकांत भरून, जिथे पूर्वी समुद्राचा तळ होता त्या जमिनीवरच्या रस्त्याने गावात येते. संग्रहालयातल्या उर्कच्या घरात तुम्ही वाकून शिरला होतात. जमलं तर उद्याचा दिवस खऱ्या उर्कसाठी ठेवा. तिथल्या बंदरात उभे राहा, बोटींवरच्या नावांशेजारी ‘यूके’ ही उर्कची अक्षरं आणि क्रमांक वाचा, आणि जाळं दुरुस्त करत बसलेलं कुणी दिसलं तर बाजूला बसून त्याचे हात बघा.