डोहाळे कोणी पुरवायचे?

मराठीत डोहाळे ‘लागतात’ आणि ते ‘पुरवायचे’ असतात. लागतात ते गरोदर बाईला, पुरवायचे ते भोवतालच्यांनी. तिला भर उन्हाळ्यात आवळा खावासा वाटला, तर तो शोधून आणण्याचं काम नवऱ्याचं, सासूचं, नाहीतर शेजारणीचं. चरकसंहितेतही हाच विचार आहे. गर्भिणीला कसं जपावं, तर तेलाने काठोकाठ भरलेलं भांडं न हिंदकळता न्यावं तसं, असं तिथे सांगितलं आहे. आता असं भांडं नेताना जपून पाऊल टाकायचं ते नेणाऱ्याने. भांड्याला कोणी उपदेश करत नाही.

आज उपदेश तिलाच होतो. ‘आनंदी राहा.’ ‘चांगलं वाच.’ ‘रडू नकोस गं, बाळावर परिणाम होतो.’ गर्भसंस्कारांचे वर्ग आहेत, ॲप आहेत, सकाळ-संध्याकाळ ऐकायच्या ध्वनिफिती आहेत. संगीत, प्राणायाम, बाळाशी बोलणं यांत वाईट काहीच नाही. अनेकींना त्याने खरोखर बरं वाटतं. पण प्रसन्न राहणं हे एकदा तिचं कर्तव्य ठरलं, की ज्या दिवशी ते जमत नाही त्या दिवशी मूळ दुःखावर अपराधीपणाचा आणखी एक थर चढतो. एखाद्या संध्याकाळी मनसोक्त रडल्याने बाळाचं काही बिघडत नाही, हे तिला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

शरीराकडे पाहिलं, तर आराम ही किती साध्या गोष्टींची बाब आहे ते कळतं. सातवा महिना. रात्रीचे तीन. पोटरीत गोळा येतो आणि ती कळवळून उठते. शेजारी झोपलेल्या माणसाने तिचा पाय सरळ धरून पाऊल हलकेच वर, तिच्याकडे दाबलं, की मिनिटभरात गोळा उतरतो. तिला स्वतःला त्या पोटानिशी वाकून पायाच्या बोटांपर्यंत पोचता येत नाही. उताणं झोपलं की जड गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून कुशीवर झोपायचं, शक्यतो डाव्या. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घेतली की कंबरेला उसंत मिळते. प्रोजेस्टेरॉनमुळे जठराच्या तोंडाची झडप सैलावते आणि छातीत जळजळतं; त्यावर रात्रीचं जेवण थोडं आणि लवकर घेणं हा चांगला उपाय. पण ज्या घरात सगळ्यांची पानं उठल्यावर, ओटा आवरून, साडेदहाला सून जेवायला बसते, तिथे हा सल्ला तिला देऊन काय होणार? तो घराला द्यायला हवा.

डोहाळजेवण ही आपली फार देखणी रीत. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, कोणाकडे चांदण्यातलं तर कोणाकडे होडीतलं, झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी याची हौस. त्या दिवशी ती खरोखर घराच्या मध्यभागी असते. प्रश्न उरलेल्या अडीचशेहून जास्त दिवसांचा आहे.

त्यातले बरेच दिवस आता घराबाहेर, कामावर जातात. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. याच कायद्याने शेवटच्या टप्प्यात कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम नाकारण्याची सोय ठेवली. मात्र ती बाईने मागितली तर. म्हणजे इथेही मागायचं तिनेच, आणि वरिष्ठांच्या कपाळावर आठी दिसेल या धास्तीने अनेकजणी मागतच नाहीत. उलट, मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गर्भवतींना प्रवासाची मुभा आहे, तिथे कोणाची मनधरणी करावी लागत नाही. गर्दीच्या वेळी पोटाला कोपर लागणार नाही एवढी हमी मनाला जी शांतता देते, ती ध्वनिफीत देऊ शकत नाही.

आणि ज्यांना रजाच नाही? बीडहून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरले जातात. हंगामाआधी घेतलेली उचल दोघांच्या अंगमेहनतीतून फिटायची असते. ती बसली तर उरतो अर्धा कोयता. खाडा पडला तर पैसे कापले जातात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे गरोदरपणाचे निम्मे महिने फडात आणि पाचटाच्या कोपीत जाऊ शकतात. पहाटे तोड, मग डोक्यावर मोळी, मग गाडी भरणं. तिला ‘आराम कर’ म्हणणं म्हणजे तिच्या परिस्थितीकडे पाहायचंच नाही असं ठरवणं होय. तिचे डोहाळे मुकादमाच्या हिशेबात आणि कारखान्याच्या करारात पुरवायला हवेत.

मनाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के स्त्रियांना गरोदरपणात मानसिक आजाराचा, प्रामुख्याने नैराश्याचा, सामना करावा लागतो. दर सहा-सात जणींमागे एक. हा ‘मूड’ नव्हे, ‘लाड’ नव्हेत; हा उपचार होऊ शकणारा आजार आहे आणि अंगावर काढला तर आई आणि बाळ दोघांनाही बाधतो. तो ओळखण्यासाठी वापरली जाणारी, १९८७ साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली जेमतेम दहा प्रश्नांची आहे. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच धास्ती वाटली का, असं तीत विचारलेलं असतं. वजन आणि रक्तदाब पाहता पाहता हे प्रश्न विचारता येतात. विचारणारं माणूस मात्र हवं, आणि तिला उत्तर देता यावं म्हणून दोन मिनिटं सासूला बाहेर थांबवण्याचं भानही.

माणूस जवळ असण्याने काय होतं, याचा पुरावा कळांच्या वेळी सर्वांत ठळक दिसतो. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या प्रसूतींचा विचार झाला. कळा सुरू असताना सतत कोणी सोबत असलं, तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि कळांचा काळ थोडा कमी होतो, असं त्यात दिसलं. केंद्र सरकारने २०१६ सालीच सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीवेळी एका स्त्री-सोबतिणीला परवानगी दिली. तरीही किती आया आजही दाराबाहेरच्या बाकावर, हातात थर्मास आणि जुन्या लुगड्याची दुपटी घेऊन, आतल्या आवाजाचा कानोसा घेत बसलेल्या असतात!

महाराष्ट्राच्या आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात राहण्याच्या खोल्या आहेत. पावसाळ्यात पाड्याची वाट तुटते, म्हणून दिवस भरत आलेल्या बाईने आधीच तिथे येऊन राहायचं, सोबत नात्यातलं एक माणूस आणि लहान मूल आणायचं. या योजनेला सरकारने नाव दिलं आहे ‘माहेरघर’. खोली आहे, नावही नेमकं आहे. तरी पाय निघत नाही तो मागच्या कोंबड्यांसाठी, थोरल्या मुलीसाठी, बुडणाऱ्या मजुरीसाठी. ती तिथे चार दिवस निवांत पडू शकेल की नाही, हे पाड्यावर तिच्या मागे चूल कोण पेटवणार त्यावर ठरतं.