आधी मोकळीक, मग निकाह

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावात कोणाच्या दारात कोण किती वाजता आले, हे कोणाला विचारावे लागत नाही. समजा, अशा गावात एक विधुर गृहस्थ आहेत. मुले नोकरीधंद्यासाठी बाहेर, घरात ते एकटे. स्वयंपाकाला आणि घरकामाला एक बाई येते. तिचा नवरा वारलेला, पदरात दोन लेकरे. दोन-तीन वर्षांत दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. मग मोहल्ल्यात कुजबूज सुरू होते. मालकाला म्हणतात, "या वयात ही अवदसा!" आणि बाईला म्हणतात, "घरदार बघून गळ टाकला." अशा घटना आपल्या सर्वांच्या पाहण्यातल्या आहेत. त्यांचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

जीव जडणे हा गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. विधवेची इद्दत कुरआनने चार महिने दहा दिवस ठरवली आहे. त्यानंतर ती आपल्या आयुष्याची मुखत्यार असते. समाजातल्या जोडीदार नसलेल्यांचे विवाह लावून द्या, अशी आज्ञा सूरह नूरमध्ये आहे. तरीही या देशातल्या मुसलमानांनी विधवेच्या निकाहाला कमीपणा चिकटवला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सय्यद अहमद बरेलवी यांना त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली आणि स्वतःच्या भावाच्या विधवेशी निकाह करून उदाहरण घालून द्यावे लागले. म्हणजे हे सोवळे आपण रूढीतून घेतले, दीनमधून नव्हे.

आमच्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. ज्याच्या हातून महिन्याचा पगार येतो, त्याने "माझ्याशी निकाह करशील का?" असे विचारले, तर त्या बाईच्या होकाराचा अर्थ काय? नकार दिला तर उद्या काम राहील का, मुलांची फी कोण भरेल, हे सगळे तिच्या डोळ्यांपुढे येणारच. विधवा किंवा तलाक झालेल्या स्त्रीच्या बाबतीत शरीयतने नुसती मान खाली घालून गप्प राहणे पुरेसे मानलेले नाही; तिची संमती तिच्या तोंडून यावी लागते. पण जिला 'नाही' म्हणणे परवडत नाही, तिच्या तोंडच्या 'होय'ला वजन कुठून येणार?

या ठिकाणी सीरतमधला एक प्रसंग आपल्याला वाट दाखवतो. हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या, श्रीमंत व्यापारी होत्या. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले होते. म्हणजे मालक स्त्री होती आणि कामावर नेमलेला पुरुष. खदीजांचे मन वळले ते सफर पुरी होऊन माल पोचता झाल्यावर. त्यांनी स्वतः तोंडावर विचारले नाही. त्यांची मैत्रीण नफीसा मध्ये पडली. तिने आधी, आपण लग्न का करत नाही, एवढेच विचारले आणि कल पाहूनच खदीजांचे नाव काढले. नकार आला असता, तरी कोणाची मान खाली गेली नसती.

हजरत उम्मे सलमा (रजि.) तर विधवा आणि लेकुरवाळ्या. पैगंबरांची मागणी आली, तेव्हा त्यांनी आपले वय, आपला मत्सरी स्वभाव आणि आपली मुले या तिन्ही अडचणी उघड मांडल्या. मुलांची जबाबदारी स्वीकारली गेली, मगच निकाह झाला. दासीला चांगले शिकवून, मुक्त करून, मग तिच्याशी निकाह करणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, असे हदीसमध्ये आहे. मोलकरीण ही काही दासी नव्हे. पण क्रम लक्षात घ्यावा: आधी मुक्ती, नंतर निकाह.

आजच्या व्यवहारात या क्रमाचा अर्थ साधा आहे. तिचा पगार चुकता करावा. तिला दुसरीकडे काम मिळेल अशी सोय आधी व्हावी. मागणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून जावी आणि विचार करायला तिला मुदत मिळावी. कायद्यानेही आता हे ओळखले आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईसाठी मालकाचे राहते घर ही कामाची जागा मानली आहे.

कोणी म्हणेल, गरजू बाईला आसरा मिळतो, एवढा किस कशाला काढायचा? गरज असणे ही लाजेची गोष्ट नाही. कितीतरी संसार गरजेतून उभे राहिले आणि सुखाचे झाले. आमचे म्हणणे इतकेच की, तिच्यापुढे ते एकच दार उघडे असू नये.

निकाहानंतरचा हिशेबही आधीच मांडावा. बऱ्याच घरांत निकाह झाला की पगार बंद होतो आणि काम तेच राहते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई फिकहात धुणीभांडी ही पत्नीची कायदेशीर जबाबदारी मानलेली नाही; उलट तिचा खर्च पतीवर आहे. तेव्हा बिनपगारी मोलकरीण मिळवण्यासाठी निकाह करणाऱ्याने शरीयतचे नाव घेऊ नये. मेहर रोख द्यावा. पतीला मुले असतील, तर पत्नीचा वारसाहक्क आठवा हिस्सा, म्हणजे रुपयातले दोन आणे. मोठ्या मुलांचा विरोध पुष्कळदा या दोन आण्यांसाठी असतो आणि इज्जतीचे नाव पुढे केले जाते. तिच्या आधीच्या मुलांना सावत्र बापाचा वारसा मिळत नाही. पण एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. ज्याला त्या मुलांचा लळा आहे, त्याने ती लिहून ठेवावी.

जमातीचे कामही हेच आहे. कुजबुजीने बाईची रोजी जाते, मालकाचे काही बिघडत नाही. त्यापेक्षा जमातीतल्या जाणत्यांनी तिच्या बाजूने बसून तिला एकच गोष्ट विचारावी: तू नाही म्हणालीस, तर उद्या तुझी चूल पेटेल ना? तिचे उत्तर 'हो' असेल, तर तिच्या होकारावर कोणी शंका घेऊ नये. आणि निकाहाला सर्वांनी जावे.