जंतूंची हिंसा आणि दातांची राखण

दिगंबर जैन मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन हा एक. मुनी दात घासत नाहीत. दशलक्षण पर्वात उपवास धरणारे आमच्या सांगलीकडचे काही श्रावकही ब्रशला हात लावत नाहीत. मी दातांची डॉक्टर आणि श्राविकाही. त्यामुळे त्या दिवसांत एखादी आक्का मला विचारतेच, "पेस्टनं जंतू मरतात म्हणं. मग ते पाप कुणाच्या खात्यावर?"

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. सूक्ष्म जीव वाचावेत म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या घरातच तो सुचतो. १६८३ साली डच संशोधक लेवेनहुकने स्वतःच्या दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं, तेव्हा त्याला वळवळणारे जीव दिसले. आपल्या आगमांतले अतिसूक्ष्म निगोद जीव ते हेच, असं मात्र मी म्हणणार नाही. तो घाईचा दावा होईल.

दात किडवणाऱ्यांत प्रमुख स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. तो साखरेचं आम्ल करतो. दातावरचा पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमल विरघळू लागतं. पेस्टमधलं फ्लोराइड, साधारण १००० ते १४५० पीपीएम, मुख्यतः जंतू मारत नाही. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसायला ते मदत करतं, आणि अशी भरून निघालेली जागा आम्लाला जास्त दाद देत नाही. जंतूंवर थेट चालून जाणारं ट्रायक्लोसान काही पेस्टमध्ये असायचं. त्यानं किटण थोडं घटायचं, पण तोंड निर्जंतुक कधीच झालं नाही. काही तासांत थर पुन्हा धरतोच. कोलगेट टोटलमधूनही ते २०१९ मध्ये गेलं.

म्हणून ब्रशनं हिंसा होतच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. थर खरवडला की असंख्य जीव जातात. पण गृहस्थाला संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा सोडायला सांगितली आहे. घर चालवताना घडणारी आरंभी हिंसा त्याला पुरती टळत नाही, ती कमी करत न्यायची. दात घासणं मी तिथेच बसवते. तत्त्वार्थसूत्रानं हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, धरला आहे, आणि खरा प्रमाद मला दिसतो तो दिवसभर गोड चघळून मग सगळे जंतू ठार करणारी पेस्ट मागण्यात. त्या जंतूंना आपणच पोसलेलं असतं. मुनींचं अदंतधावन एकभुक्तासोबत येतं: दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार. त्यातलं निम्मंच उचलून पाच वेळा चहा-बिस्किटं खाणाऱ्यानं ब्रश सोडला, तर त्या त्यागाला आधार कसला?

आक्कांना मी सांगते, उपवासात ब्रश नको तर नको. एरवी मात्र सूर्यास्ताआधी शेवटचा घास झाला, की थोडं थांबून फ्लोराइडची पेस्ट लावा, थुंका, फार चुळा भरू नका. रात्री लाळ कमी होते, पण चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य, पाळणाऱ्याच्या तोंडात त्यानंतर साखरही जात नाही. फ्लोराइडला सबंध रात्र मिळते.