मिळकत आणि ऋण

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ डोंगराच्या उतारावर ‘ग्रूट कॉन्स्टान्शिया’ नावाची एक जुनी जहागीर आहे. पांढऱ्याशुभ्र भिंतींचा प्रशस्त वाडा आणि भोवती द्राक्षांचे मळे! १६८५ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने ही जमीन केपचा अंमलदार सिमोन व्हान डेर स्टेल याला दिली. १७७८ मध्ये ती हेंड्रिक क्लूटेच्या हाती आली आणि तिथल्या गोड द्राक्षमद्याचे नाव युरोपभर झाले. सेंट हेलेनाच्या बंदिवासात नेपोलियनही तेच मद्य पीत असे. १८८५ मध्ये जहागीर सरकारने विकत घेतली, १९२५ मध्ये वाडा जळाला, पुन्हा उभा राहिला; १९९३ पासून एक विश्वस्त संस्था तिचा कारभार पाहते. द्राक्षे अजून पिकतात, मद्य अजून होते.

मात्र हे मळे राबते ठेवले ते गुलामांनी. मादागास्कर, मोझांबिक, जावा-सुमात्राकडची बेटे आणि आपला बंगाल व मलबार येथून माणसे जहाजात घालून केपला नेली जात. मद्याच्या कोठाराच्या दर्शनी भागावर गॅनिमीडचे शिल्प आहे. देवांना मद्य पाजण्यासाठी पळवून नेलेला ग्रीक पुराणातला हा मुलगा. ज्यांना असेच आणले होते, ती माणसे त्याच्याखालून रोज पिंपे वाहत होती!

याहून मनाला लागते ती गोष्ट वेगळीच. सिमोनच्या आईची आई, मोनिका, ही भारताच्या किनाऱ्यावरची दासी होती. दुःख सोसलेल्याचे नातवंड दुसऱ्याला दुःख देणार नाही, असे आपण भाबडेपणाने धरून चालतो. पण सासुरवास सोसलेली सूनच पुष्कळदा खाष्ट सासू होते, हे आपल्या घरांनी पाहिलेले आहे. करुणा रक्तातून उतरत नाही; ती प्रत्येकाला नव्याने कमवावी लागते.

यावर कोणी म्हणेल, “काळच तसा होता, तेव्हा कोणाला त्यात गैर वाटत नसे.” मी विचारतो, ‘कोणाला’ म्हणजे कोणाला? गुलामही त्याच काळात जगत होते. त्यांतले कित्येक पळून टेबल माउंटनच्या कपारींत लपत. त्यांना गैर वाटत होते म्हणूनच ना? काळाची साक्ष काढताना आपण केवळ मालकांचीच जबानी घेतो.

मग तो वाडा पाडावा काय? मला तसे वाटत नाही. त्या भिंतींत मालकाचा पैसा आहे, तसे मजुराचे हातही आहेत. वाडा पाडला तर त्या हातांची उरलीसुरली खूणही पुसली जाईल.

इथे मला आपला ‘ऋण’ हा शब्द उपयोगी पडतो. आजोबांचे पाप नातवाच्या माथी मारणे अन्याय आहे. पण आजोबांची मिळकत घ्यायची आणि त्यांचे कर्ज मात्र नाकारायचे, हा कुठला न्याय? १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवताना दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, ती मालकांना! गुलामांच्या हाती काही पडले नाही. उलट केपमध्ये १८३८ पर्यंत त्यांना ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकांकडे राबावे लागले. पुढेही तिथल्या द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग मद्याच्या रूपाने देण्याची चाल दीर्घकाळ टिकली. पिढ्यान्‌पिढ्या घरे व्यसनात बुडाली आणि गर्भातल्या बाळांनाही त्याची झळ लागली. म्हणजे हे कर्ज जुने नाही. त्याचे व्याज आजही कोणी भरतो आहे.

हे केपपुरतेच आहे असेही नाही. आपल्याकडेही वेठीला धरलेल्या माणसांच्या खांद्यांवरून कितीतरी दगड चढले. दिवाळीत अशा एखाद्या जुन्या वाड्यात पणत्या लागल्या, तर त्या जरूर पाहाव्यात. सौंदर्याने डोळे निववावेत. मात्र मुलांना वाडा कोणी बांधवला हे सांगताना, तो कोणी बांधला हेही सांगावे. आणि त्या बांधणाऱ्यांची नातवंडे आज कुठे, कशी राहतात, याची चौकशी करावी. ऋणाची फेड तिथून सुरू होते.