संशयाचे दप्तर

उरण तालुक्यात वंशावळ ही आता श्राद्धपक्षापुरती उच्चारण्याची बाब राहिलेली नाही. नवी मुंबईसाठी १९७० पासून जमिनी संपादित होऊ लागल्या, न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले आणि त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला; तेव्हापासून इथल्या आगरी-कोळी घरांत पणजोबाचे नाव ही स्मरणापेक्षा पुराव्याची वस्तू झाली. सातबारा, जुने फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील उतारा, वारस दाखला, प्रतिज्ञापत्र अशी कागदांची रास जमवून खातेदारापासून आपल्यापर्यंतची शाखा सिद्ध करावी लागते. आणि इतर मागासवर्गीयांत मोडणाऱ्या घरातील मुलाला जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा एखादा कागद मिळवताना मोडी वाचणाऱ्याचा शोध घ्यावा लागतो. ही खटपट जवळून पाहिलेल्या मनुष्याला एक गोष्ट लवकरच उमगते: कुळाचा इतिहास ज्या कागदांतून हाती लागतो, ते कागद त्या कुळाविषयीच्या आस्थेने क्वचितच लिहिलेले असतात. कोणीतरी महसूल वसूल करावयाचा होता, कोणाला तरी कुणाच्या हक्काचा संशय होता, म्हणून ते लिहिले गेले.

याचे फार बोलके उदाहरण आपल्यापासून फार दूरच्या एका मुलखात सापडते. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील जर्मन शेतकरी आणि कारागीर, युद्धांना, करांना व धर्मच्छळाला कंटाळून, रॉटरडॅममार्गे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया या इंग्रजांच्या वसाहतीत जाऊ लागले, त्याचा आरंभ १६८३ चा. त्या वर्षी क्रेफेल्ड गावच्या तेरा कुटुंबांनी फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसविले. पुढील चाळीस-पन्नास वर्षांत हा ओघ इतका वाढला, की वसाहतीच्या इंग्रज कारभाऱ्यांना हे परके लोक आपला मुलूखच परका करतील अशी धास्ती वाटू लागली, आणि १७२७ मध्ये हुकूम निघाला: प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने उतारूंची यादी द्यावी व सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाने इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची लेखी शपथ घ्यावी. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या उदार म्हणविणाऱ्या पुरुषानेही १७५१ मध्ये या जर्मनांविरुद्ध जे लिहिले, ते आज वाचताना त्याच्या चाहत्यांना अवघडल्यासारखे होते. पण भीतीपोटी निघालेल्या त्या हुकुमामुळेच जहाजांच्या आणि शपथांच्या याद्या टिकल्या. १९३४ मध्ये त्या तीन खंडांत छापून निघाल्या, आणि आपला मूळ पुरुष कोणत्या जहाजातून कोणत्या तारखेला उतरला हे आज लक्षावधी अमेरिकन लोक त्यांतून सांगू शकतात. ज्याला सही करता येत नव्हती त्याने केलेली फुलीही तिथे आहे. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव उतरविले, म्हणून म्युलरचा मिलर झाला. तेवढा फेर सोडला तर पुरावा भक्कम. मात्र त्याच जहाजांतून आलेल्या स्त्रिया व मुले शपथेला उभीच केली गेली नाहीत, आणि म्हणून त्यांतील बहुतेकांची नावेही उरली नाहीत.

आपल्याकडे याला समांतर असा प्रकार इनाम कमिशनचा. १८५२ च्या कायद्याने कंपनी सरकारने इनामदारांना सनदा दाखवा, नाहीतर इनाम सोडा, असा तगादा लावला, आणि घाबरलेल्या घराण्यांनी कैफियती व वंशावळी लिहून सरकारात दाखल केल्या. इनामदारांच्या मनात त्या कमिशनाने जो रोष पेरला त्याचे परिणाम १८५७ च्या इतिहासात शोधणारे अभ्यासक आहेतच. परंतु त्याच चौकशीच्या गरजेतून पुण्याचे पेशवे दप्तर लावले व जपले गेले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. रियासतकार सरदेसायांनी त्या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. फिलाडेल्फियाच्या याद्या आणि पुण्याचे दप्तर एकाच वर्षी छापून पुरे व्हावे हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही जपले गेले ते अविश्वासापोटीच, हा योगायोग नव्हे.

आता ज्या स्थलांतरितांविषयी कोणीच संशय घेतला नाही, त्यांचे काय? त्यासाठी उरणहून फार लांब जावे लागत नाही. करंज्याहून तरीने धरमतरची खाडी ओलांडून रेवसला उतरावे आणि अलिबागच्या वाटेला लागावे, म्हणजे झिराड, किहीम, थळ, नवगाव ही गावे लागतात, आणि समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. बेने इस्राएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठीभाषक यहुद्यांची परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत मूठमाती मिळाली. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी हा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा मानला. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहावे, यातही या समाजाच्या कागदांचे नशीब दिसते. त्या गलबताची यादी नाही, शपथपत्र नाही, कोण्या राजाने विचारलेला एकही प्रश्न लेखी उरलेला नाही. उरले ते एवढेच, की हे लोक घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले आणि गावगाड्यात त्यांची जागा ठरवून टाकली. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी झाला. आडनावे गावांवरून पडली, किहीमकर, रोहेकर, पेणकर, आपट्याचे आपटेकर. चित्रपटांतून घराघरांत पोहोचलेले डेव्हिड हे चेऊलकर होते, हे किती प्रेक्षकांच्या ध्यानात आले असेल?

येथवर येऊन पुष्कळ लेखक कोकणच्या औदार्याचे गोडवे गाऊ लागतात. परक्याला कागद न विचारता सामावून घेणारी भूमी, असे ते म्हणतात, आणि यहुद्यांचा छळ इथे झाला नाही हे निर्विवाद असल्यामुळे त्या म्हणण्यात तथ्यही आहे. परंतु ज्या समाजात रोटीबेटीचे नियम प्रत्येकाच्या जिभेवर होते, कोणाच्या हातचे पाणी चालते हे पोरासोरांनाही ठाऊक होते, त्या समाजाला कागदाची गरजच काय होती? गाव हेच दप्तर होते. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नराला अनोळखी माणसाची नोंद करावी लागली, कारण त्याला तो माणूस उद्या कुठे असेल हे माहीत नव्हते. नवगावच्या पाटलाला ते नक्की माहीत होते. तेव्हा कागदाचा अभाव हे निव्वळ विश्वासाचे लक्षण मानणे मला पटत नाही. अर्धे औदार्य आणि अर्धी निश्चिती, असा तो प्रकार असावा.

शिवाय हे दप्तर केवळ शेजाऱ्यांनी ठेवले असेही नव्हे. बेने इस्राएलांमध्येच गोरे व काळे असा भेद होता. मूळच्या यहुदी मातापित्यांची मानली गेलेली संतती ती गोरी, आणि बाहेरच्या स्त्रियांपासून झालेली ती काळी, आणि दोहोंत विवाहसंबंध होत नसत. कातडीच्या रंगाशी याचा संबंध थोडा, वंशाच्या हिशेबाशी अधिक. म्हणजे कोण कोणाचा, हा प्रश्न त्यांनीही आपल्या अंगणात विचारला होता, तोंडी विचारला होता, इतकेच. दावीद राहाबी नावाच्या उपदेशकाने त्यांना विस्मृत धर्माचार पुन्हा शिकविला आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांकडे काजीपद आले, अशी परंपरा आहे. लेखी नोंद खरी वाढली ती शिपाईगिरीबरोबर. कंपनीच्या पलटणीतील सामाजी हसाजी दिवेकर हे टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पनवेलचे प्रार्थनामंदिर १८४९ चे. म्हणून आजचा एखादा वंशज पूर्वजांचा माग काढू लागला, तर पलटणीची कागदपत्रे, प्रार्थनामंदिरांच्या वह्या, थडग्यांवरचे मराठी व हिब्रू लेख यांच्या आधारे तो पाच-सहा पिढ्या खात्रीने मागे जाऊ शकतो, आणि त्यापलीकडे त्याला फुटक्या गलबताच्या कथेवरच विसंबावे लागते.

या अपुरेपणाची किंमत १९४८ नंतर मोजावी लागली. स्वतंत्र इस्राएलात हे लोक हजारोंनी गेले, आणि जिथे आपण आपल्याच घरी आलो असे त्यांना वाटले, तिथेच त्यांना वंशाचा पुरावा विचारला गेला. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना निर्देश दिले, की बेने इस्राएल वधूवरांच्या माता, मातामही, आणि त्याही मागे जितके जाता येईल तितके जाऊन चौकशी करावी. ज्यांच्या पूर्वजांना कोकणात सरकारने कधी वंश विचारला नाही, त्यांना धर्मबंधूंनी विचारला. काळे-गोरे करणाऱ्या समाजाला स्वतः काळे ठरण्याची भीती काय असते हे कळले. जेरुसलेमात धरणे धरले गेले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असा ठराव केला, तेव्हा धर्मपीठाने माघार घेतली. प्रश्न कागदाने सुटला नाही, राजकीय निश्चयाने सुटला, आणि तेच योग्य झाले असे मी मानतो. शेकडो वर्षांपूर्वीची आजी सिद्ध करा, ही मागणी ज्ञानाची नसून अधिकाराची असते.

अलीकडे रक्ताच्या तपासणीने या वादात नवी साक्ष आणली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासाचा निष्कर्ष असा, की बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक आहेत; त्यांचे मीलन गेल्या सहस्रकात, १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले, आणि त्यात यहुदी अंश अधिककरून पुरुषांकडून व स्थानिक अंश अधिककरून स्त्रियांकडून आला. सात जोडप्यांच्या कथेशी हे नीट जुळत नाही, आणि किहीमकरांच्या कालगणनेशी तर त्याहून कमी. म्हणून ती कथा खोटी ठरत नाही, कारण समाजाच्या स्मृतीचे काम तारखा सांगणे हे नसते. पण त्या निष्कर्षातील स्त्रियांकडे मात्र लक्ष जावयास हवे. काळे-गोरे असा भेद करणाऱ्यांनी त्यांना बाहेरच्या म्हटले, धर्मपीठाने त्यांनाच नेमके शोधू पाहिले, आणि कोणत्याच यादीत त्या सापडल्या नाहीत. त्यांची माहेरे याच किनाऱ्यावर, खाडीच्या या अंगाला किंवा त्या अंगाला, कोणत्यातरी घरात होती. त्या घरांच्या वंशावळी कदाचित अजून वाढत असतील, परंतु मुली लिहावयाच्याच नाहीत या रिवाजामुळे तिथे त्यांच्यासाठी रिकामी जागाही सोडलेली नसणार.