आपला संघ: मलकापूर ते नागपूर

हे वाचायला निवांत बसा. मोबाइलवर एखादा सामना सुरू असेल तर तो बंद करा. ताजा स्कोअर आज लागणार नाही. एका संघाचं मनन करायचं आहे, आणि ते पॅसेंजर गाडीच्या चालीनं करायचं आहे. स्टेशन आलं की थांबायचं, उतरायची घाई करायची नाही.

संघ आहे विदर्भाचा. १९५७-५८ च्या मोसमापासून रणजी करंडकात खेळणारा.

गाडीत बसण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते नीट पाहू. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरला आलं की विदर्भाचा पश्चिमेचा काठ लागतो. पलीकडे जळगाव जिल्हा. दक्षिणेला सिंदखेडराजाहून जालना तासाभराच्या वाटेवर. जालन्यातला एखादा मुलगा क्रिकेटमध्ये वरपर्यंत पोचला तर तो महाराष्ट्राच्या संघातून खेळेल. सिंदखेडराजातला पोचला तर विदर्भाच्या. दोघांची बोली जवळची, पाऊस एकच, बाजारही बहुधा एकच. राज्य एक, पण रणजीचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आणि ज्या संघात आपण मोडतो त्याचं नागपूरजवळचं जामठ्याचं मैदान मलकापूरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर पूर्वेला.

मग हा संघ आपला कशामुळे? नकाशावरच्या एका रेषेमुळे? प्रश्न मनात असू द्या. उत्तर लगेच शोधू नका.

गाडी सुटली आहे. नांदुरा, जलंब. जलंबला खामगावचा फाटा फुटतो. या टप्प्यात फक्त काळाकडे पाहा. विदर्भाचा संघ उभा राहण्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ होता. बुलढाणा वऱ्हाडातला जिल्हा, म्हणजे तेव्हाही आपलं नाव एका संघाच्या नावात सामावलेलं होतं. १८९५ साली नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू त्या संघातून खेळले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार तेच होते. पुढे ते इंदूरला होळकरांच्या संघात गेले आणि त्या संघानं रणजी करंडक पुन्हा पुन्हा जिंकला. मोठा खेळाडू नागपूरचा, करंडक इंदूरचे. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. हळहळ वाटली तर वाटू द्या, पण तिथे रेंगाळू नका.

आता साठ वर्षं मोजायची आहेत. एक एक करून नव्हे, दशक दशक करून. १९५७ नंतर विदर्भ मध्य विभागात खेळत राहिला. समोर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे. साठचं दशक गेलं, सत्तरचं गेलं, ऐंशीचं गेलं. अंतिम फेरी एकदाही नाही. त्या काळातला एखादा विदर्भाचा गोलंदाज डोळ्यांपुढे आणा. खेळातून घर चालत नसे, म्हणून नोकरी. दुपारभर उन्हात टाकलेली वीस षटकं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर तळाशी दोन ओळी. त्याला करंडक मिळाला नाही, आणि मिळणार नाही हे त्यालाही कुठेतरी ठाऊक असणार. तरी तो पुढच्या मोसमात पुन्हा आला. त्याच्यामागून दुसरा आला. प्रशांत वैद्य नव्वदच्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळला. विदर्भाच्या खेळाडूला कसोटी खेळायला मात्र २०११ उजाडावं लागलं. तो उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या वलनीत वाढलेला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता.

आपल्या जिल्ह्यातलं क्रिकेट ज्यांनी पाहिलंय त्यांनी इथे जरा थांबावं. सोयाबीन काढून मोकळी झालेली शेतं, शाळेची पटांगणं, टेनिस बॉलच्या स्पर्धा, बक्षिसाच्या रकमेची लाउडस्पीकरवरून पुकारणी. वेगवान टाकणारी मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी शिवण असलेला चामडी चेंडू हातात घेतलाय? यादवच्या हातात तो उशिरा आला, पण आला. ज्यांच्या हातात तो कधीच आला नाही, त्यांचाही विचार या मननात असायला हवा.

शेगाव आलं. इथे डबा निम्मा रिकामा होतो, दुसरी माणसं चढतात. गाडी निघाली की पुढे अकोल्यापर्यंत कपाशी.

अकोला. इथे जास्त वेळ थांबू, कारण बुलढाण्याच्या मुलाला चांगल्या खेळपट्टीचं सगळ्यांत जवळचं गाव हेच. आदित्य ठाकरे नावाचा एक वेगवान गोलंदाज इथला. २०१७ च्या डिसेंबरात विदर्भ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत पोचला तेव्हा त्याला संघात घेतलं गेलं. तो त्याचा पहिलाच प्रथम श्रेणी सामना होता. वय एकोणीस. त्याच्या आधीच्या दोन-तीन पिढ्या ज्या दिवसाची वाट पाहत निवृत्त झाल्या, त्या दिवशी याची सुरुवात झाली. यात अन्याय आहे का? मला तसं वाटत नाही. पण त्या मुलाच्या पायांखाली किती जणांनी घातलेली भर होती, हे मनात आणून पाहा.

अथर्व तायडेही अकोल्याचाच. २०२५ च्या इराणी चषकात शेष भारताविरुद्ध त्यानं १४३ धावा केल्या आणि विदर्भानं तो चषक तिसऱ्यांदा घेतला. मलकापूरच्या फलाटावरून अकोला फार लांब नाही. हे अंतर मनातल्या मनात दोनदा पार करा, एकदा जाताना आणि एकदा येताना.

मूर्तिजापूर मागे गेलं. बडनेरा, म्हणजे अमरावतीचं दार. यष्टिरक्षक जितेश शर्मा अमरावतीचा. धामणगाव, पुलगाव यांना खिडकीतूनच नमस्कार.

वर्ध्याला दर्शन नळकांडे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या डावातलं शेवटचं षटक त्यानं टाकलं आणि लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले. चार चेंडू, चार बळी. असं करणारे जगात थोडेच. आणि तो सामना विदर्भ चार धावांनी हरला. हे वाक्य पुन्हा वाचा. एखादं काम निर्दोष करूनही संध्याकाळी पराभवच वाट्याला येतो, हे ज्याला शेतीमुळे ठाऊक आहे त्याला नळकांडेच्या त्या रात्रीबद्दल समजावून सांगावं लागणार नाही.

आता नागपूर जवळ आलंय. पण पहिला करंडक नागपुरात आला तो दोन परगावांतून, आधी कोलकाता, मग इंदूर.

कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, उपांत्य सामना कर्नाटकाशी. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या एकट्याच्या १५३. हे नाव लक्षात ठेवा. कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी रजनीश गुरबानीनं उरलेले तिन्ही गडी घेतले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. गुरबानी अभियांत्रिकी शिकलेला. दुसऱ्या डावात त्याचे ७ बळी. साठ वर्षांच्या वाटेवर शेवटचं पाऊल केवढं बारीक होतं ते पाहा, पाच धावा. एक चुकलेला झेल असता तर ही सगळी कथा वेगळी झाली असती.

मग इंदूर, होळकर स्टेडियम, दिल्लीशी अंतिम सामना. नागपूरचे नायडू ज्या शहरात मोठे झाले त्याच शहरात. गुरबानीची हॅट्‌ट्रिक, रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी एकच झाली होती, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. आदित्य सरवटेच्या ७९. हेही नाव लक्षात ठेवा. विदर्भ ५४७. १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विजय. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

विजयी फटका मुंबईच्या वसीम जाफरचा होता. वय एकोणचाळीस. आधीच्या मोसमात तो दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. या मोसमात त्यानं विदर्भाकडून मानधन घेतलं नाही. व्यावसायिक खेळाडू संघ बदलतो, त्याचे पैसे ठरतात, त्यात गैर काही नाही. पण ठरलेल्या पैशांपलीकडे एखाद्यानं काही दिलं तर ते कोणत्या खात्यात लिहायचं? आपण संघाला काय दिलं, या प्रश्नाकडे मला इथून वळावंसं वाटतं. ती सगळी वर्षं कुणी तिकीट काढून गेलं असेल, कुणी रेडिओ लावून बसलं असेल, कुणी खेळाच्या पानाच्या तळाशी विदर्भाच्या दोन ओळी शोधत राहिलं असेल. हरणाऱ्या संघाच्या त्या दोन ओळी शोधणं हेही देणंच आहे.

आता लक्षात ठेवलेली दोन नावं काढा. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर जामठ्यावर विदर्भ आणि केरळ यांच्यात अंतिम सामना झाला. विदर्भाकडून दानिश मालेवारच्या १५३, आणि करुण नायरच्या ८६ व १३५. हा तोच नायर, ज्याच्या १५३ धावांनी सात वर्षांपूर्वी कोलकात्यात आपला जीव टांगणीला लावला होता. आणि केरळकडून सरवटेच्या ७९. तोच सरवटे, इंदूरच्या अंतिम सामन्यात आपल्याकडून ७९ करणारा, २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेणारा, ज्यात पुजारा दोन्ही डावांत होता. तो आता समोरच्या बाजूला. पहिल्या डावात ३७९ विरुद्ध ३४२ अशी आघाडी घेऊन विदर्भानं तिसरा करंडक घेतला. त्या मोसमात हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीतला विक्रम. नायर पुढे कर्नाटकात परतला.

डोळे मिटून पाहा: सरवटे केरळसाठी फलंदाजी करतोय. तो परका वाटतो? मला वाटत नाही. नायर उपरा होता? तेही मला म्हणवत नाही. माणसं येतात, जातात. जितेशही बडोद्याकडे गेला. गावाच्या दाखल्यावर आपलेपणा ठरवायचा तर निम्मा संघ दर दशकाला परका होईल.

मलकापूरला मनात घेतलेल्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एका सामन्यात आहे, आणि तो सामना विदर्भानं जिंकलाही नव्हता.

फेब्रुवारी २०१९, जामठा, इराणी चषक. १२ तारखेला सामना सुरू झाला. १४ तारखेला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला, चाळीस जवान गेले. त्यांत महाराष्ट्राचे दोन होते, आणि दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे. एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. त्यांची नावं जिल्ह्यात लहान मुलांनाही सांगावी लागत नाहीत. १६ तारखेला, शनिवारी, दोघांवर आपापल्या गावी अंत्यसंस्कार झाले. त्याच दिवशी नागपुरात विदर्भ विजयापासून ११ धावांवर होता. गणेश सतीश ८७ वर बाद झाला, दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर चषक विदर्भाकडे आला. बक्षिसाची रक्कम दहा लाख होती. फझलनं सांगितलं की ती पुलवामात गेलेल्या जवानांच्या कुटुंबीयांना दिली जाईल.

चाळीस घरं, सगळ्या देशात विखुरलेली. संघानं ती रक्कम देताना जिल्हा विचारला नव्हता. तरी त्यांतली दोन घरं रेषेच्या या काठावरची होती.

या जागी वाचन थांबवा आणि हवा तितका वेळ घ्या. दोन्ही गावं डोळ्यांपुढे आणा, मग ते मैदान, एकाच तारखेची संध्याकाळ.

पुढचा रणजी मोसम सुरू होईल तेव्हा विदर्भाच्या अकरा जणांची यादी मिळवा आणि प्रत्येकासमोर त्याचं गाव लिहा. अकोला, अमरावती, वर्धा, वलनी, नागपूर. कदाचित मुंबई किंवा बंगळुरूही. बुलढाण्याची जागा रिकामी राहिली तर तालुक्यातल्या एखाद्या टेनिस बॉलवाल्या मुलाचं नाव पेन्सिलीनं तिथे लिहा, आणि जमलं तर त्याला एक चामडी चेंडू घेऊन द्या.