बियाला ठेवलेले घोसाळे

'जून' हा शब्द मराठीत मोठा निष्ठुर आहे. भेंडी जून झाली, दोडका जून निघाला, असे गृहिणीने म्हटले की त्या भाजीचा निकाल लागला. फळाच्या बाजूने पाहावे तर जून होणे म्हणजे पूर्णत्वास पोहोचणे. बी धरावी आणि ती पक्व करावी, ह्यासाठीच त्याचा जन्म. परंतु शब्द घडविला तो खाणाराने. आपल्या भुकेला ज्याचा उशीर झाला, ते आपण निकामी ठरविले. वस्तूचे मोल आपल्या उपयोगावरून ठरविण्याची ही सवय भाजीच्या टोपलीपुरती राहती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

ह्या निष्ठुर न्यायातून घोसाळे मात्र निसटते. कोणी त्यास गिलके म्हणतात. हा दोडक्याचा भाऊच. पण दोडक्याच्या अंगावर शिरा, तर हे गुळगुळीत. दोडक्याचे फूल सायंकाळी उमलते, तर ह्याचे सकाळी. कोवळेपणी ह्याची भजी होतात, भरीत होते. जून झाले की आत धाग्यांचे असे जाळे तयार होते की ते दातांस दाद देत नाही. तथापि ते वेलीवरच वाळू दिले, तर त्याचा अंग घासण्यास व भांडी घासण्यास उत्तम स्पंज होतो. अरबी भाषेतून आलेल्या 'लूफा' ह्या नावाने जग त्यास ओळखते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानातून हे वाळलेले घोसाळे दूरदेशी जाई, आणि आगबोटींच्या यंत्रांत गाळणी म्हणूनही त्याचा उपयोग होत असे.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात कुरुंदा हे आमचे गाव. नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे ते महाराष्ट्रास अपरिचित नाही. भोवतालच्या काळ्या रानांत पिकणारी हळदही प्रसिद्ध आहे. तेथील घराच्या परसात माझ्या काकू दरवर्षी पहिल्या पावसानंतर कुंपणाशी घोसाळ्याच्या बिया टोकतात. काकूंनी ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली. वेल भरास आला की त्यातले चांगलेसे एक-दोन फळ हेरून त्यास त्या चिंधी बांधतात. ते बियाला ठेवलेले. त्यास कोणी हात लावावयाचा नाही. मागे एकदा मी त्यांस शास्त्र सांगितले होते, की जून फळे वेलीवर राहिली म्हणजे वेलीचे बळ तिकडे जाते आणि नवी फळे कमी धरतात. गोष्ट खरी आहे. काकूंनी ती शांतपणे ऐकून घेतली. चिंधी मात्र सोडली नाही.

गेल्या नाताळच्या सुटीत मी गेलो तेव्हा ते फळ तपकिरी होऊन कागदासारखे हलके झाले होते. हलविले की आत बिया खुळखुळत. त्याच्या टोकाची टोपी काढताच काळ्या बिया सुपात सांडल्या. फळ पाण्यात भिजविले, साल सुटून आली. बुळबुळीत गर धुऊन काढला आणि ते जाळे उन्हात ठेवले. बाजारचा प्लास्टिकचा स्पंज झिजतो तो सूक्ष्म कण होऊन, आणि ते कण कुजत नाहीत. हा मातीतून आला, मातीत जाईल. वापरल्यावर पिळून वाळविला नाही तर तो लवकर कुजतो, एवढीच काय ती त्याची अट. मी हर्षाने म्हणालो, "पाहा काकू, जून झाले तरी उपयोगी पडलेच की!"

सुपातल्या बिया निवडता निवडता काकू म्हणाल्या, "आणि नसतं पडलं तर?"

ह्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो, ह्यास कारण होते. त्याच दिवसांत काकूंनी गाव सोडून आमच्यापैकी कोणाकडे राहावे, ह्याची घरात बोलणी चालली होती. प्रत्येकजण त्यांच्या बाजूनेच बोलत होता: अजून त्यांचे हात चालतात, मुलांस सोबत होईल, लोणची-पापड घरचे होतील. त्यांची किंमत कमी कोणीच केली नाही. पण प्रत्येकाने किंमतच केली. काकूंनी ते सारे ऐकले असले पाहिजे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा ह्यांत भेद केला आहे. जिच्या जागी दुसरी वस्तू चालते तिला किंमत. जिच्या जागी दुसरे काही चालत नाही तिला प्रतिष्ठा, आणि ही प्रतिष्ठा मनुष्याची. हे मी वर्गात कैक वर्षे शिकविले. घरच्या बोलण्यात ते मला आठवले नाही. वार्धक्यही उपयोगी असते, हा युक्तिवाद वृद्धांच्या कैवाराचा भासतो खरा; परंतु तो तराजू मोडीत नाही, पारड्यात नवे वजन तेवढे घालतो. उद्या हात थांबले म्हणजे ते वजन उतरणार.

कोणी म्हणेल, खर्च तर खराच आहे. वेलीचे बळ जाते तसे घराचेही जाते. जाते, हे मान्य करावे. कर्तव्याला खर्च पडत नाही असे कोणी म्हटले आहे? घोसाळ्याच्या आतले जाळे आपल्या स्नानासाठी विणलेले नसते. ज्या शिरांनी त्या फळास पाणी आणि अन्न पुरविले, त्यांचेच ते अवशेष. आपणांस ते उपयोगी पडले, हा आपला लाभ. त्याच्या असण्याचे ते समर्थन नव्हे.

निघण्याच्या दिवशी मी म्हणालो, "काकू, तुम्ही आमच्याकडे चला."

"तिथं येऊन काय करू रे मी?"

"काही करू नका."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि बियांची एक पुडी बांधून माझ्या हाती दिली. होकार अद्याप दिलेला नाही. यंदाही कुंपणावरच्या एका घोसाळ्यास चिंधी बांधली आहे, असे कळते. मी हरकत घेतलेली नाही.